ऊरिके

नायनांच्या ग्राफात एक चौकोन म्हणजे एक धागा.
तांबडा भरला की तो उचलायचा,
कोरा ठेवला की खाली दबून राहायचा.
अडतीस वर्षं असे चौकोन भरून
त्यांनी चादरींवर मोर उभे केले.
सही कुठल्याच मोराखाली नाही.

आता उजव्या डोळ्यावर साय धरलीय,
आणि इरय्या शेठ म्हणतात, कागद नको, फाईल पाठवा.

मग अक्कलकोट रोडच्या एका बंद पडलेल्या ऑफिसातला
कॉम्प्युटर आला रिक्षातून, माझ्या मांडीवर बसून.
सुरू केला की पंखा असा वाजतो
की शेजारच्या अंबव्वा विचारतात, माग घेतला का गं?

शेठनी सुचवलेलं सॉफ्टवेअर भाड्यानं मिळतं.
पैसे थांबले की कुलूप.
आपलेच मोर आपल्याला दिसणार नाहीत
पुढचा हप्ता भरेपर्यंत.
आई सुपातल्या पानाला कात्री लावत होती.
"किती म्हणालीस महिन्याला?"
मी सांगितलं. तिनं मान वर न करता हिशेब केला:
आठ हजार विड्या.
तेवढ्यावर तो विषय संपला.

तौफिककडे तेच, पन्नास रुपयांत, कुलूप फोडलेलं.
"सगळं सोलापूर हेच वापरतंय, ताई."
पेन ड्राइव्ह मुठीत धरून घरी आले
तर नायनांनी कधी न सांगितलेलं सांगितलं:
त्यांचा कमळजाळीचा ग्राफ कुणीतरी उचलला होता,
भर गड्ड्याच्या जत्रेत
भलत्याच दुकानावर चादर टांगलेली दिसली,
आणि ते पाळण्याचं तिकीट हातात घेऊन तसेच घरी आले.
त्या पेन ड्राइव्हमध्ये आता मावसभावाच्या हळदीचे फोटो आहेत.

राहिलं फुकटचं.
फुकटचं ते पौष्टिक, असं म्हणतो आपण
आणि तरी हुंगून बघतो.
पहिलं उतरवायला दोन रात्रींचा डेटा गेला.
कुंचले इतके की रंगपंचमी करावी,
पाण्याचा, तेलाचा, खडूचा, मांजराच्या लवेचा,
धाग्याचा एकही नाही.
बिचारा कॉम्प्युटर मोराच्या मानेपर्यंत आला
आणि झोपला.

दुसरं अगदी साधं. चौकोन, रंग, बस्स.
दिसायला बँकेच्या स्लिपसारखं.
खाली कुणीतरी लिहून ठेवलेलं:
वापरा, वाटा, चुकलं तर कळवा.

"ऊरिके?" नायनांनी विचारलं.
आमच्या घरच्या तेलुगूत ऊरिके म्हणजे फुकट,
आणि ऊरिके म्हणजे उगाच, काही कारण नसताना.
"हो, ऊरिके."
"मग तो माणूस जेवतो काय?"
हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

जुन्या ग्राफचा फोटो घातला.
मी मोर मोठा केला, आणखी मोठा,
एकेक चौकोन ज्वारीच्या भाकरीएवढा होईपर्यंत.
नायना स्क्रीनला नाक लावून बसले.
बराच वेळ. मग बोट टेकवलं, डोळ्याच्या शेजारी:
"हा धागा चुकलाय."
पहिल्यापासून चुकलाय.
किती हजार चादरी गेल्या असतील,
कुणाकुणाच्या अंगावर
तिरळे मोर पहाटेपर्यंत जागत असतील.

मी बटण दाखवलं. एक टिचकी, चौकोन कोरा.
दुसरी टिचकी, पुन्हा तांबडा.
त्यांनी पाच-सहा वेळा तसं करून पाहिलं,
कोरा, तांबडा, कोरा,
तेवढ्यात पाचव्या दिवसाचं पाणी आलं नळाला
आणि मी न् आई हंडे घेऊन पळालो.

परत आलो तर डोळा तिरळाच ठेवून
ते शेपटीचं नववं पीस मोजत होते.
आईनं ओल्या हातानं विचारलं, शेवटी किती पडले?
"ऊरिके," नायना म्हणाले.
दोन्हींपैकी कुठलं, ते मी विचारलं नाही.