लव्हॉनचं पाकीट

पहाटे साडेपाचला चर्चच्या तळघरात मी दिवे लावले.
बाहेर बीटचे ट्रक रात्रभर धावतच होते,
रस्त्यावर चिखल, चिखलावर पातळ बर्फ,
आणि मिनेसोटाचा हा सपाट अंधार,
ज्याला पाठ टेकायला एक टेकडीसुद्धा नाही.

मतदान केंद्रात कॉफीचं भांडं चालतं की नाही,
मी विचारलं नाही. ठेवलं.
ज्या टेबलांवर आम्ही मयताचं जेवण मांडतो
त्यांच्यावरच पुठ्ठ्याचे आडोसे उभे केले,
काळी पेनं दोऱ्यानं बांधली,
आणि मर्लिसनं टपालाच्या मतांचा गठ्ठा सोडला.

तिसरं पाकीट लव्हॉनचं.
तेच डावखुरं, मागे रेललेलं अक्षर.
रविवारी संध्याकाळी ती गेली,
स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, ओव्हन चालू असताना.
इथला कायदा सांगतो :
मतदानाच्या दिवशी जो हयात नाही
त्याचं मत धरायचं नाही.
मर्लिस माझ्याकडे बघत राहिली.
शिक्का मीच मारला.

चाळीस वर्षं आम्ही एकमेकींचं मत खोडत आलो.
ती त्यांची, मी ह्यांची.
यायचो मात्र एकाच गाडीतून.
‘आर्डिस, आपण दोघी घरीच बसलो असतो
तरी देशाला पत्ता लागला नसता’
दर वेळी हेच म्हणायची
आणि दातांतली फट दाखवत हसायची.

एका वर्षी तिच्या अंगणातली पाटी बघून
तीन आठवडे मी तिच्याशी बोलले नाही.
चौथ्या रविवारी प्रभुभोजनाला उशिरा उठले,
तर कठड्याशी गुडघे टेकायला जागा उरलेली
नेमकी तिच्या शेजारी.
पाळकांनी पाव मोडला. तिला दिला, मला दिला.
तिचा तळहात थरथरत होता.
माझाही.
तुकड्यावर कुठल्या पक्षाचं चिन्ह नव्हतं.

दुपारी क्लिफर्ड येऊन म्हणाला,
‘आपला माणूस पडला तर सगळं संपलं.’
तासाभरानं त्याचीच सून, ब्रिटा,
शब्द तेच, माणूस दुसरा.
दोघांना एकाच भांड्यातली कॉफी दिली.
संपलं म्हणजे काय, हे मला आज नका विचारू.
गुरुवारी ह्याच टेबलांवर
लव्हॉनसाठी सँडविचेस मांडायची आहेत.

मत मी देते. देत राहीन.
रस्ते, शाळा, म्हाताऱ्यांची औषधं
आभाळातून पडत नाहीत, हे शेतकऱ्याच्या मुलीला ठाऊक असतं.
पण त्या पहाटे कबरीवरची धोंड सरकली
तेव्हा कुणी मतं मोजत नव्हतं.

संध्याकाळी आडोशामागे जाऊन माझा काळा गोल भरला.
यंत्रानं कागद गिळला.
आयुष्यात पहिल्यांदा माझं मत खोडायला कुणी नव्हतं.
पूर्ण एक.
आणि इतकं पोरकं मत मी कधी दिलं नव्हतं.

आठला कुलूप. यादीत तिच्या नावावर रेघ.
कप परत ठेवताना कपाटातली बाप्तिस्म्याची वही हाताला लागली.
मार्च, एकोणीसशे सत्तेचाळीस, लव्हॉन मरी,
शाई तपकिरी झालेली,
रेघ नाही.

घरी येऊन रेडिओ लावलाच नाही, असं म्हणणार नाही.
लावला. ऐकला. मध्येच बंद केला,
कोण पुढे होतं ते सांगण्यासारखं नाही.
मग रविवारच्या पावाचं पीठ मळायला घेतलं,
बाहेर ट्रक, खिडकीला बर्फाची बारीक टिकटिक.

मापाचा कप हातात धरून थोडी थांबले.
तिच्या वाट्याचं पीठ
मी काही कमी केलं नाही.