रकाना सातवा

अर्जाच्या सातव्या रकान्यात विचारलंय :
मृताचं नाव, जहाजाच्या हजेरीपटावर होतं तसंच.
माझं पेन तिथे पाच आठवडे अडलंय.

घरी तो टॉरमॉड.
शाळेतल्या मास्तरांना बेटावरची गेलिक नावं जिभेला जड,
म्हणून पटावर नॉर्मन.
आणि ग्लासगोच्या धक्क्यावर, जानेवारीतल्या एका सकाळी,
कुणा घाईतल्या कारकुनानं
ऐकू आलं तसं लिहिलं : नॉरमंड.
मॅकिव्हरमधलं एक अक्षरही खाल्लं.
एका माणसाची तीन माणसं झाली.
कचेरी म्हणते, त्यातला मुर्मान्स्कला गेलेला कोणता
ते सिद्ध करा.

मुर्मान्स्क. बर्फाच्या समुद्रातून
रशियाला रणगाडे पोचवणारे ताफे.
काका एका जहाजाच्या पोटात कोळसा ओढायचा.
वर गोठून मरायचं, खाली भाजून,
टॉर्पेडो लागला तर दोन्ही एकदम.
हे मी पुस्तकांतून वाचलं.
त्यानं सांगितलं ते एवढंच :
"थंडी होती."

पुरावे काय जोडू?
हे जोडू का, की आमच्या अंगणाचं लोखंडी फाटक
तो कधी उघड्या हातानं उघडत नसे,
जुलैतसुद्धा.
बाही ओढून बोटांवर घ्यायचा, मग कडी.
उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नव्हती.
आम्ही पोरं विचारायचो, तर म्हणायचा, मेंढीनं खाल्ली.
की हे जोडू, की कुणाच्या लग्नात
व्हिस्कीत बर्फ पडला, तर पेला तसाच ठेवून
तो बाहेर जायचा, कुत्र्याशी बोलायला.
मेंढीच्या साक्षीवर शपथपत्र होत नाही.

रकाना अकरावा : तुमच्यापेक्षा निकटचं कुणी हयात आहे का?
आहे. पेगीकाकू. वय चौऱ्याण्णव.
वृद्धाश्रमाच्या खिडकीशी, गुडघ्यांवर घोंगडी.
तिची संमतीची सही हवी.
"त्यानं मागितलं होतं?" तिनं विचारलं.
"नाही."
"मग तू कोण मागणारी?"
मी गप्प. बाहेर वाऱ्यानं कुणाची तरी चादर
उचलून कुंपणावर नेऊन टाकली.
खरं सांगायचं तर मलाही नीट माहीत नव्हतं.
कदाचित एवढंच, की युद्ध संपून अडुसष्ट वर्षांनी
सरकारला आठवण झाली,
आणि इतक्या उशिरा आलेल्याला दार उघडायला
घरात कुणीतरी असावं.
काकूनं चहा संपवला. बशी पुसली.
मग सही केली,
आणि खाली नवऱ्याचं नाव लिहिलं
चौथ्याच स्पेलिंगनं.

पाकीट मार्चमध्ये आलं, वीजबिलासोबत.
पुठ्ठ्याची डबी, आगपेटीहून जरा मोठी.
आत तारा.
मी तो उलटा केला, कडेनं नख फिरवलं,
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
नाव नाही.
तिन्हींतलं कुठलंच नाही, चौथंही नाही.
पत्राच्या तळाशी बारीक टाइपात :
ही पदकं नाव न कोरताच दिली जातात.
स्वयंपाकघरात मी एकटीच हसले,
मग ते हसणं जरा लांबलं.

काकूनं पदक तळव्यावर तोललं, अंडं तोलतात तसं.
"हलकं आहे," म्हणाली. "आणि गार."
माझ्यापुढे धरलं.
मी हात पुढे केला तेव्हा दिसलं,
माझी बाही बोटांवर आलेली होती.

काकूनंही पाहिलं.
"मेंढी," ती म्हणाली.