फलकासाठी मजकूर

वॉर्ड ऑफिसातून निरोप आला:
पाहुण्यांसाठी चौपाट्यांची माहिती द्या,
दहा ओळींत.
दहा ओळींत नाही बसायची, साहेब.
एकोणीस वर्षं मी अक्साला शिट्टी फुंकतोय,
थोडक्यात बोलायचं ते तिच्यातूनच.

तर लिहून घ्या.
गिरगावला पोहायला नका, बसायला जा.
पावसाळा सरताना तिथल्या उथळ पाण्यात
पाकट वाळू पांघरून पडलेली असते.
पाय उचलून टाकू नका, घासत न्या,
म्हणजे तिला तुमची वर्दी मिळते.

जुहूला मुलाच्या मनगटावर पेनाने फोन नंबर लिहा.
भेळेच्या गाड्यांपाशी दर रविवारी
तीन-चार पोरं रडत सापडतात
आणि सगळ्यांच्या आईचं नाव 'आई' असतं.

वर्सोव्याला वलांडीवर बोंबील वाळत असतील.
नाक दाबू नका.
माझ्या मामेबहिणीने पहाटे चारला
जबड्यात जबडा अडकवून एकेक जोडी टांगलीय.

गोराईला लाँचने जा,
शेवटची परत कधी सुटते ते जातानाच विचारा.

आता अक्सा.
इथली वाळू भाडेकरूसारखी,
अकरा महिन्यांवर एका जागी टिकत नाही.
काल गुडघाभर, आज त्याच जागी पुरुषभर.
दोन फुटत्या लाटांमधला तो शांत पट्टा दिसतो ना,
जिथे बायका मुलांना घेऊन उतरतात,
तिथूनच पाणी परत जातं.
ओढ लागली तर किनाऱ्याशी झगडू नका,
आडवे पोहा.
दमलात तर उताणे पडा, हात वर करा.
मी बघतोय.

भरतीची वेळ: तिथीची पाऊणपट.
अष्टमीला सहा, दशमीला साडेसात.
हे मला बापाने शिकवलं. त्याला घड्याळ कळत नसे.

लोक विचारतात,
पाणी कुठवर? संडास कुठे? जरा फोटो काढता?
गेल्या भाद्रपदात मुल्कीहून एक मुलगी आली,
यशिका बंगेरा,
काखेत तिच्यापेक्षा लांब फळी.
म्हणाली, दादा, लाटा कुठे चांगल्या?

लाट, आणि चांगली!
मी तिला लाल बावटा दाखवला.
ती हसली नाही, भांडली नाही,
दोन तास वाळूत बसून पाण्याकडे बघत राहिली
पाण्यावरून नजर न हलवता, मी बघतो तशीच.
मग म्हणाली, वाळूचा बांध त्या खडकासमोर आहे ना?
काल होता, मी म्हणालो,
आज चाळीस पावलं उत्तरेला.

बावटा उतरला तशी ती गेली.
तिला पाण्यावर उभी बघताना
माझा हात दोनदा शिट्टीकडे गेला.

सहाला ड्यूटी सुटली. ती म्हणाली, आता तुम्ही.
कसं सांगू तिला,
मी समुद्रात शिरतो तो कुणाला तरी आणायला,
मोकळ्या हातांनी बाहेर यायची मला भीती वाटते.

शिट्टी आगोस्तीनच्या हातात दिली.
पोटावर झोपलो फळीवर, पन्नाशीचा बाप्या.
पहिल्या लाटेने उलटा केला, दुसरीने नाकात मीठ भरलं.
तिसरीने मला मागून धरलं,
बखोटीला नाही, केसांना नाही,
आणि गुडघाभर पाण्यात आणून सोडलं
जसा मी सोडतो लोकांना,
खोकत, जिवंत.
वर आगोस्तीन सवयीने शिट्टी फुंकतच होता.

हे फलकावर नको.
फलकावर एवढं घाला:
चपला भरतीच्या रेषेच्या वर काढा,
आणि जाताना आठवणीने घालून जा.
अंधार पडल्यावर उरलेल्या
आम्हाला मोजायच्या असतात.