शिसपेन्सिल

केम्निट्झ, एकोणीसशे सव्वीस

अकरा वर्षं मी काचेवर सुरकुत्या बुजवल्या.
काचेवर सगळं उलटं असतं:
गाल काळे, कोट पांढरा,
सुरकुती म्हणजे एक आरपार चीर.
तिच्यात पेन्सिलीचं टोक हलकेच भरलं
की कागदावर माणूस दहा वर्षांनी तरुण.
काळं घालून उजळवायचं, असा हा धंदा.

युद्धात तर हाताला उसंत नव्हती.
बायका पाकिटातून नखाएवढा फोटो काढायच्या,
नवऱ्याला माझ्याशेजारी उभा करा म्हणायच्या,
आणि मी कुणाच्या तरी खांद्यांवर
त्याचं डोकं बसवायची.
बटणं मोजून.
बटण चुकलं तर विधवांना लगेच कळतं.

मग जुने मालक गेले आणि हा एर्डमान आला,
तोंडात विझलेला चिरूट.
पडद्यावरचं रंगवलेलं तळं, दोन हंसांसकट,
त्यानं गुंडाळून जिन्याखाली ठेवलं.
मागे भिंत पुरे, म्हणाला.

मंगळवारी ओटमार टीत्से आला,
मोज्यांच्या कारखान्यातला फिटर.
रविवारचा कोट, खळ दिलेली कॉलर,
मफलर नाकापर्यंत.
हा काढू का, त्यानं विचारलं.
शब्द अर्धे गळ्यातूनच आले.
रस्त्यात काय करता?
ठेवतो.
आणि जेवताना?
तो जरा वेळ भिंतीकडे बघत राहिला.
मग मफलर काढला, नीट घडी घातली,
मांडीवर ठेवून वर दोन्ही हात.
डावा जबडा नव्हता.
चार सेकंद.
त्याची पापणी लवली नाही,
माझ्या हातातलं झाकण वाजलं.

रात्री ती काच माझ्यापुढे.
टोक सवयीनं त्या जागेवर गेलं.
तिथं काच नुसतीच काच होती,
तिच्यातून पलीकडचा दिवा दिसत होता,
त्याची वात, आणि वातीमागचा
माझा थंड झालेला चहा.

कोटावर धुळीचा एक ठिपका होता.
तेवढा बुजवला. धूळ त्याची नव्हती.

शनिवारी तो प्रती न्यायला आला, तीन.
एक ब्राझीलच्या भावाला.
तो पत्रात विचारत असतो,
अजून तसाच हसतोस का.

बिल त्यानं बोट फिरवत वाचलं.
रिटचिंगचे साठ फेनिग वगळलेत ना,
ते दोनदा पाहिलं.

ते साठ फेनिग माझे असायचे.