उखाजीची खानावळ

खरं सांगायचं तर
उखाजीची शेवभाजी जरा जास्तच जाळते.
बायपासच्या हॉटेलात टेबलं तरी पुसलेली असतात.
इथं, चोपड्याच्या जिनिंगमागं,
बाकाचा एक पाय विटेवर,
आणि नळाला पाणी आलं की निंबाबाई
भाकर थापायची थांबते, घागर लावून येते.
तोवर बसायचं.

उधारीची वही आहे, पण ती
वरच्या फळीवर, पिठाच्या डब्याखाली.
काढायला स्टूल लागतं,
म्हणून सहसा काढत नाहीत.

अकरा महिने मी धुळ्याला बदलीवर होतो.
परत आलो, बसलो.
उखाजीनं मान वर केली नाही.
कळण्याची भाकर आली, ठेचा, वाटीत वेगळी शेव.
कांदा नाही.
पलीकडच्या हमालाच्या ताटात होता.
मी कच्चा कांदा खात नाही,
हे उखाजीला सात वर्षांपासून ठाऊक.

धुळ्यात मी कांदा खायला शिकलो होतो,
बुक्कीनं फोडलेला, मीठ लावून.

"काही कमी शे का?"
"नाही," मी म्हटलं,
आणि बिनकांद्याचंच जेवलो.
उद्याही तसंच जेवेन.