चौथ्यांदा

भाड्याच्या घरात खिळा ठोकू नये,
तसं मी अंगाचं केलं बावन्न वर्षं.
कान टोचले तेही आईने, मला न विचारता.
शाल्मली मनगटावर चिमणी काढून आली
तेव्हा दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.
"उद्या नकोशी झाली तर?" एवढंच म्हणाले,
भाजी वाढताना.

मग मार्चमध्ये, एरंडवण्यात, हॉस्पिटलच्या तळघरात,
एसी इतका थंड की दात वाजत होते,
एका मुलीने शाईचा थेंब ठेवून सुई टोचली. तीनदा.
"मशीन रोज त्याच जागी यायला हवं ना, काकू."
तीन ठिपके. तिळाएवढे, निळसर.
आवडतील का, कुणी विचारलं नाही.

पंचवीस दिवस संपले. ठिपके राहिले.

आज फर्ग्युसन रस्त्यावर, चपलांच्या दुकानावरचा जिना.
शाल्मली खालीच थांबली, फोनवर.
निहाल नावाचा पोरगा हातमोजे चढवत म्हणतो,
"पहिल्यांदाच ना? घाबरू नका."
"चौथ्यांदा," मी म्हणते.
तो माझ्या हातांकडे बघतो, मानेकडे बघतो,
काही सापडत नाही त्याला.

काय काढू?
ठिपकाच.
पण जागा मी सांगणार.
आणि रंग हिरवा,
कैरीच्या सालीचा.