निरंक

कलेक्टोरेटबाहेर कडुनिंबाखाली माझं टेबल,
एक पाय विटेवर.
टाइपरायटर हिंदी, घर मराठी.
महाडिकांच्या गोठात आता मोजकी घरं उरलीत
जिथं पोळीला पोळी म्हणतात.
आडनाव सरनोबत. म्हणजे कधीकाळी आमच्यातलं कुणी
घोडदळाची मोजदाद ठेवत असणार.
मी अर्ज लिहितो. पानाला वीस रुपये.

कैलासी बाथम हजिऱ्याहून चालत आली, वैशाखात,
पदराच्या गाठीत दोन कागद.

पहिला घोडीचा.
नाव बिजली, वय सात, रंग पांढरा,
डाव्या कानामागे करडा ठिपका.
रक्त कधी घेतलं, कधी पोचलं,
पुन्हा कधी घेतलं, दोन्ही वेळा काय निघालं.
रोगाचं नाव ग्लँडर्स. खड्ड्याची खोली,
चुन्याची पोती, मालकाला भरपाई,
चार सह्या आणि एक गोल शिक्का.
इतकं सविस्तर मरण
मी आजवर कुणा माणसाचं टाइप केलेलं नाही.

दुसरा लटूरीचा, तिच्या नवऱ्याचा. अर्धं पान.
ताप. हृदय बंद.

फाल्गुनभर तो त्या घोडीचं नाक
आपल्याच गमछानं पुसत होता.
रात्री तोच गमछा तोंडावर, कारण डास.
मग पांढऱ्या झग्यातली माणसं आली
आणि तबेल्यातल्या पाचही जणांचं रक्त घेऊन गेली.
"नळीवर त्याचं नाव घातलं होतं, बाबू.
मला वाचता येत नाही,
पण लिहिताना मी बघितलं."

मी लिहिलं:
त्या नळीचं काय झालं.
उरलेल्या चौघांच्या नळ्यांचं काय झालं.
जिल्ह्यात जनावराकडून माणसाला असा आजार
किती जणांना झाला, कुठं,
आणि हे कुठल्या भिंतीवर लावलं आहे,
जिथं जाऊन कुणालाही वाचता येईल.
शेवटची ओळ माझी. तिचे पैसे घेतले नाहीत.

ज्येष्ठात उत्तर आलं: कलम आठ.
ही माहिती त्रयस्थ व्यक्तीची आहे.
तिला त्रयस्थ समजावून सांगताना
माझा चहा गार झाला.
"बावीस वर्षं त्याच्या भाकरी थापल्या," ती म्हणाली,
"आणि तिसरी मी?"

अपील केलं. पावसाळा गेला.
निंबाची पानं टाइपरायटरमध्ये पडत राहिली.
तिचा पुष्पेंद्र, चौदाचा, बापाच्या जागी लागला,
तबेल्यातच झोपतो,
बापाच्याच खाटेवर.

कार्तिकात दुसरं पाकीट.
देवउठनी तोंडावर, बँडवाल्यांचे कोट उन्हात वाळत घातलेले,
तबेल्यात नवी घोडी आली होती, मुरैन्याकडची,
चार दिवसांनी तिच्यावर नवरदेव बसणार,
आणि त्याच्यापुढं, आयाळ धरून,
कुणाचं तरी पाच वर्षांचं पोर.

पाकिटात एक तक्ता.
मनुष्यांमधील प्रकरणे: निरंक.

"बाबू, जे निरंक का होत?"
आकडा नाही, मी म्हणालो.
"म्हणजे झालं नाही, की मोजलं नाही?"

तीस वर्षं हा शब्द मी बडवतो आहे.
जमीन निरंक, थकबाकी निरंक, वारस निरंक.
त्याच्या आत हे दोन अर्थ
एकाच खाटेवर झोपलेत, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.
मला उत्तर देता आलं नाही.
मी रिबन नीट करायला लागलो,
रिबन नीटच होती.

तिनं घोडीचा कागद पुन्हा उघडला,
कान कुठं लिहिलाय ते विचारलं.
मी बोट ठेवलं. तिनंही ठेवलं, माझ्या बोटाशेजारी,
आणि बराच वेळ काढलं नाही.

मग म्हणाली, "अजून एक लिहा.
आता घोडीच्या नावानं.
तिला उत्तरं येतात."

हसू आलं नाही तिला, मलाही नाही.
मी कोरा कागद चढवला, कार्बन घातला.
अर्जदार, अशी ओळ असते सगळ्यात वर.
तिथं बोटं थांबली,
आणि मागं रस्त्यावर कुणाच्या तरी वरातीसाठी
एक घोडी सराव करत गेली,
टाप, टाप,
नाक फुरफुरवत.